काका पडायची वेळ

ख्रिस्ती मंडळीच्या ठरावाच्या वहीत आत्याचा उल्लेख एकतीस वर्षांत एकदाच आला, आणि तोही तक्रारीत. दर रविवारी सकाळी, उपासनेच्या आधी तासभर, देवळामागच्या लांबट खोलीत तिने मुलांना शास्त्रातल्या गोष्टी शिकवल्या, हे कुठेच लिहिलेलं नाही. लिहिलंय ते एवढंच: ‘शब्बाथशाळेच्या शिक्षिकेने मुलांना पवित्र शास्त्राची थट्टा करण्यास शिकवल्यामुळे अंत्यविधीच्या गंभीर प्रसंगी दिवंगताच्या पत्नीस असह्य क्लेश झाले.’ खाली चार सह्या. चारही वळणदार.

एवढ्याशा वाक्यात किती खोटं मावलं आहे ते सांगायचं तर थोडं मागून सुरुवात करायला हवी.

आत्या खरी आत्या फक्त दोघींची, भावाच्या दोन मुलींची. त्या पहिल्यांदा तिच्या वर्गात आल्या तेव्हा त्यांनी तिला आत्या म्हटलं, म्हणून बाकीची पोरंही म्हणू लागली. मग त्या पोरांचे आईबाप म्हणू लागले. भाच्या मोठ्या होऊन लांब गेल्या, हाक मागे राहिली. आत्याने लग्न केलं नाही. भावाच्या घरातली मागची खोली तिची. खिडकीत एक कुंडी, भिंतीवर एक दिनदर्शिका, खाटेखाली शास्त्राच्या गोष्टींसाठी जमवलेल्या वस्तूंची ट्रंक.

कामाला ती इस्पितळाच्या लॉन्ड्रीत. तिथे धुऊन, पिळून आलेल्या ओल्या चादरी तापलेल्या रोलरखालून काढायच्या असतात. दोन बायका या बाजूला, दोन त्या बाजूला. या बाजूच्यांनी चादरीची दोन टोकं धरायची, एक झटका द्यायचा आणि कड सरळ रोलरच्या तोंडी द्यायची. त्या बाजूच्यांनी सुकून कडक झालेली चादर ओढून घ्यायची आणि घडी घालायची. आत्या या बाजूची, डावं टोक. सव्वीस वर्षं ती त्या एका फरशीवर उभी होती. तिच्या बोटांची पेरं भाजून भाजून गुळगुळीत झाली होती. चहाचा कप गरम आहे की नाही हे तिला बोटांनी कळत नसे, वाफ बघून कळे.

चादर वाचता येते, असं ती म्हणे. कोण किती दिवस पडून होतं, कोणी रात्रभर कड मुठीत आवळली होती, कोण एका कुशीवरून हललंच नाही. धुतल्यावर डाग जातो, पण कापड विसरत नाही. “इतक्या वर्षांत एक चादर नाही बघितली,” ती म्हणे, “जी माणसाने हसून खराब केली. तेव्हा जिथे हसायला मिळेल तिथे हसून घ्यावं बाई.”

हसण्याचं मूळ मात्र लॉन्ड्रीच्याही आधीचं. बारा वर्षांची असताना ती याच लांबट खोलीत शिकायला बसायची. गुरुजी बलामाच्या गाढवीची गोष्ट सांगत होते. वाटेत देवदूत तलवार घेऊन उभा आहे. तो गाढवीला दिसतो, बलामाला दिसत नाही. गाढवी अडते, बलाम तिला झोडपतो, तेव्हा देव गाढवीचं तोंड उघडतो आणि ती विचारते, मी तुझं काय वाकडं केलं? इथे ती मुलगी फिस्सकन हसली. गुरुजींनी हातावर पाच छड्या दिल्या.

“गुरुजी, गाढवी बोलली याचं हसू नाही आलं,” ती रडत रडत म्हणाली. “देवाने बोलतं केलं, ती बोलली. पण तो एवढा शहाणा माणूस चक्क तिच्याशी भांडायला लागला! अगं बाई, तू बोलतेस कशी, एवढं तरी विचारायचं ना आधी?”

त्याबद्दल आणखी दोन.

ज्या वाक्यासाठी मार खाल्ला ते वाक्य माणूस विसरत नाही. पुढे सगळं शास्त्र ती त्या नजरेने वाचत गेली आणि तिला सापडत गेलं. नव्वदीची सारा, मूल होणार हे ऐकून तंबूच्या दाराआड हसली. देवाने विचारलं तर म्हणाली, मी नाही हसले. आणि विश्वाचा निर्माता लहान पोरासारखा हटून बसला: नाही, हसलीस. तुरुंगातून सुटून आलेला प्रभूचा शिष्य पेत्र दार ठोठावतोय, आणि मोलकरणीला त्याचा आवाज ऐकून इतका आनंद झाला की दार उघडायचं सोडून ती आत पळाली. आतली माणसं त्याच्याच सुटकेसाठी प्रार्थना करत बसलेली. तो दारात आलाय म्हटल्यावर त्यांनी तिलाच वेडी ठरवलं. ज्यांनी हे लिहिलं त्यांना हे विनोदी आहे हे कळत नव्हतं? ते सगळे कोर्टाचे कारकून होते?

वर्गात ती कुसळ आणि मुसळ शिकवायची ते झाडूच्या दांड्याने. एका मुलाच्या डोळ्यापाशी दांडा धरायचा आणि त्याला सांगायचं, आता वाकून शेजाऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढ बघू. तो वाकला की दांडा आधी शेजाऱ्याच्या टाळक्यात बसे. “कळलं?” आत्या विचारी. “मुसळवाल्याने डोळे तपासायला घेतले की आधी दुसऱ्याचं डोकं फुटतं.” पोरांना हे जन्मभर लक्षात राहिलं. प्रश्नोत्तरांच्या छापील पुस्तिकेतलं काय लक्षात राहिलं, ते त्यांनाच विचारा.

माशाने गिळलेल्या योनाच्या गोष्टीसाठी तिने मासा केला होता. लॉन्ड्रीत एखाद्या चादरीला तळहाताहून मोठं भोक पडलं की तिच्यावर ‘रद्द’ असा शिक्का बसतो आणि ती पुसणी करायला जाते. आत्याने मुकादमाला सांगून तशा तीन चादरी मिळवल्या, एकाला एक शिवल्या आणि तोंडाला सायकलचं जुनं टायर लावलं. शिक्का नेमका माशाच्या पोटावर आला. नुकतंच वाचायला शिकलेल्या पोरांना वाटलं, हे त्याचं नाव. तेव्हापासून तो रद्द. “आत्या, आज रद्दला आणा ना!” पोरं एकेक करून रद्दच्या तोंडात शिरत आणि शेपटीतून खिदळत बाहेर पडत.

आता काका. काका म्हणजे देवळाची घंटा वाजवणारे आणि किल्ल्या सांभाळणारे. बुटके, जाड भिंगांचा चष्मा, कोटाच्या खिशात किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की एक खांदा कायम खाली. प्रवचनात झोपण्याबद्दल त्यांची ख्याती होती. घंटेच्या दोरीशेजारी त्यांची खुर्ची. प्रवचन दहा मिनिटांवर गेलं की चष्मा नाकावर घसरे, पंधरावर गेलं की हनुवटी छातीवर. एकदा दोरी हातात धरूनच झोपले आणि ऐन प्रवचनात घंटा वाजली. उपासना संपली समजून अर्धी मंडळी उठून घरी निघाली.

त्यांची बायको, काकू, त्यांना दर रविवारी जिन्यात झापायची. “लाज कशी वाटत नाही? देवाचं वचन चाललेलं असतं!”

“अगं, युतुख पण झोपला होता,” काका म्हणायचे. “त्याचं नाव शास्त्रात आलं. जागे होते त्यांचं आलंय का?”

या युतुखची गोष्ट अशी. प्रेषित पौल एका माडीवर बोलत होता आणि त्याचं बोलणं संपेना. युतुख नावाचा तरुण खिडकीत बसला होता. त्याला डुलकी लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. उचलला तर मेलेला. पौल खाली धावला, त्याला कवटाळलं आणि म्हणाला, घाबरू नका, जीव आहे. मग सगळे वर गेले, जेवले, आणि पौल पुन्हा पहाटेपर्यंत बोलत बसला.

“माणूस मेला तरी धडा घेतला नाही!” आत्या पोरांना सांगे, आणि पोरं लोळायची.

वर्गात काका युतुख व्हायचे. खोलीच्या खिडकीखाली गुडघाभर उंचीचा कट्टा आहे, तो तिसरा मजला. खाली रद्द पसरलेला. आत्या पौल होऊन बोलायला लागायची. बोलत राहायची, बोलतच राहायची. काकांचा चष्मा घसरायचा, मान डुलायची, आणि पोरं एका सुरात ओरडायची, “आता काका पडायची वेळ झाली!” मग काका धप्पकन खाली. वर्षातून तीन-चारदा तरी पोरं हा खेळ मागून घ्यायची. सत्तरीला आले तरी काकांनी एकदाही नाही म्हटलं नाही.

थंडीच्या शेवटी काका इस्पितळात भरती झाले आणि आठव्या दिवशी गेले. त्या आठवड्यात रोलरखालून गेलेल्या चादरींतली एक त्यांची होती. कोणती ते आत्याला कळलं नाही. तिला सगळ्या चादरी वाचता यायच्या, ती एक सोडून.

अंत्यविधीला देऊळ भरलं. पेटी दोन स्टुलांवर ठेवलेली. काकू पुढच्या बाकावर, दगडासारख्या. तीन दिवस त्यांच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं की तोंडातून शब्द फुटला नव्हता. पलीकडच्या बाकांवर शब्बाथशाळेची पोरं. काका त्यांचे होते, म्हणून प्रवचन सांगणाऱ्या पाळकांनीच त्यांना पुढे बसवलं होतं.

आधी चिटणीस बोलले. चिटणीस म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या चार पंचांपैकी एक आणि पंचांच्या वहीचे मालक. आयुष्यभर कोर्टात कारकून होते. ते कोर्टातून निवृत्त झाले, कोर्ट त्यांच्यातून झालं नाही. त्यांनी काकांच्या सेवेचा तपशील तारखांसह वाचला. मग पाळक उभे राहिले. नवे, तरुण, घाबरट. पुढे चिटणीस बसलेत म्हणून त्यांनी दुप्पट तयारी केली होती. पंधरा मिनिटं झाली. पंचवीस झाली. पाळक मरणाच्या पाच अर्थांपैकी तिसऱ्यावर आले. मागे कुणीतरी खोकलं, आणि त्या खोकल्यानंतरच्या शांततेत पाच वर्षांची चिमणी, पेटीकडे बघत, अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, “आत्या, आता काका पडायची वेळ झाली.”

तिने थट्टा केली नव्हती. तिला तेवढंच माहीत होतं: कुणीतरी बोलतच राहिलं की काका पडतात, आणि मग त्यांना मिठी मारली की उठतात. पोरांमध्ये हसू फुटलं. एकाने तोंड दाबलं, ते दुसऱ्याच्या नाकातून बाहेर आलं. आणि त्याच क्षणी काकू पेटीवर ओणव्या झाल्या. त्यांचे खांदे गदागदा हलायला लागले आणि घशातून असा आवाज निघाला की देवळातल्या प्रत्येकाच्या काळजाचं पाणी झालं. चिटणीस धावले. काकूंना कोपराला धरून बाहेर नेलं. कुणी पाणी आणलं, कुणी वारा घातला. आत्या जागच्या जागी उभी होती, पांढरीफटक. आपण त्या बाईचं काळीज फाडलं, एवढंच तिच्या डोक्यात.

तिसऱ्या दिवशी पंचांनी तिला बोलावलं. उपासनेनंतरची बैठक, टेबलाभोवती चार खुर्च्या, चारही भरलेल्या. पाचवी आणावी असं कुणाला सुचलं नाही. रोज आठ तास उभं राहणाऱ्या बाईला आणखी अर्धा तास उभं राहणं काही जड नाही. पण तिला बसा म्हणावं, एवढी साधी रीत ज्यांना नाही त्यांनी दुसऱ्याला रीत शिकवायला बसावं?

“पोरांनी त्या वेळी हसायला नको होतं,” आत्या स्वतःहून म्हणाली. “चूक माझी. मी आत्ता काकूंकडे जाते आणि माफी मागते.”

“काकूंना त्रास द्यायचा नाही,” चिटणीस म्हणाले. “त्या शोकात आहेत. माफी मंडळीपुढे मागायची. मजकूर मी तयार केलाय.”

मजकूर चार ओळींचा. पहिल्या तीन ओळी माफीच्या. चौथी अशी: ‘पवित्र शास्त्रात व ख्रिस्ती विश्वासात हास्यास स्थान नाही हे मी मान्य करते.’ वाचलं तर वर्ग राहील, पुस्तिकेबरहुकूम आणि देखरेखीखाली. नाही वाचलं तर वर्ग बंद.

“ही शेवटची ओळ कुणी लिहिली?”

“शास्त्राने लिहिली,” चिटणीस म्हणाले. “प्रभू रडला, हे लिहिलेलं आहे. हसला, असं एकदा तरी लिहिलंय का? दाखवा. अध्याय सांगा, वचन सांगा.”

“शिंकला असं लिहिलंय?”

“काय?”

“शिंकला. नाही लिहिलं. म्हणजे तेहेतीस वर्षांत त्याला सर्दी झालीच नाही?” आत्याचा आवाज चढला. “हात न धुता जेवायला बसला हे मात्र लिहिलंय. का? तर लोकांनी तक्रार केली. तुमच्याही वहीत तक्रारीच आहेत चिटणीससाहेब, चांगलं झालेलं कुठे लिहिता तुम्ही? रडला ते लिहिलं कारण लोकांना त्याचं नवल वाटलं. रोजचं कोण लिहितं?”

“आत्या, हळू,” पाळक टेबलाकडे बघत म्हणाले.

“लोक त्याला खादाड म्हणायचे, दारूबाज म्हणायचे. घरोघरी बोलवायचे. तोंड पाडून बसणाऱ्याला कुणी जेवायला बोलावतं? पोरं त्याच्याजवळ धावायची, शिष्यांना हाकलावी लागायची. तुमच्याजवळ येतं का हो एखादं पोर?”

हे तिने बोलायला नको होतं. चिटणीसांच्या जवळ कुणाचंच पोर जात नसे, त्यांची स्वतःची नातवंडंसुद्धा. त्यांचा चेहरा पुसून टाकलेल्या पाटीसारखा झाला. “येत्या रविवारी,” ते म्हणाले आणि वही मिटली.

तो आठवडा आत्याने रोलरला चादरी दिल्या त्या दात ओठ खाऊन. समोरची बाई म्हणाली, “अगं, हळू झटक, चादरीने काय घोडं मारलंय तुझं?” घरी वहिनींनी वेगळाच सूर धरला.

“वाचून टाका वन्सं. चार ओळी तर आहेत. त्या चिटणीसाचं काय मनावर घेता? त्याच्या तोंडाकडे बघून दुधाचं दही होतं.”

“खोटं आहे ते, वहिनी.”

“असू दे की. वर्ग वाचेल ना? नाहीतर रविवारी सकाळी घरात बसून माझ्या डब्यांची झाकणं लावत बसाल. मला नाही परवडायचं ते.” मग थोडं थांबून, भांडं विसळता विसळता, “तुम्ही लहानपणी गाढवीची गोष्ट सांगितलीत ना आमच्या धाकटीला, ती अजून फोनवर हसते. एवढ्या लांब जाऊन.”

आत्या मागच्या खोलीत गेली. तिला खरोखर वाटलं, वाचावं. पोरांशिवाय रविवार म्हणजे नुसता भिंतीवरचा आकडा. आणि काकूंचे ते हलणारे खांदे तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हते. आपल्याला शिक्षा व्हायलाच हवी, असं तिला रोज एकदा तरी वाटे. पण शिक्षा आपल्याला व्हावी. सारेला कशाला? गाढवीला कशाला? दाराशी ताटकळलेल्या पेत्राला कशाला?

रविवारी ती कागद घेऊन उभी राहिली. काकू मागच्या बाकावर, काळी शाल पांघरून. पोरांना त्यांच्या आईबापांनी मांडीला मांडी लावून दाबून बसवलेलं. आत्याने पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीला कागदावरून मान वर केली आणि काकूंकडे बघून स्वतःच्या शब्दांत म्हणाली, “काकू, तुमच्या दुःखात माझ्यामुळे भर पडली. मला क्षमा करा.” मग कागदाकडे बघितलं. बघतच राहिली.

“पुढे,” चिटणीस म्हणाले.

“पुढचं नाही वाचत. ते खोटं आहे. रस्त्यावर बोलले असते कदाचित, देवळात कशी बोलू?”

चिटणीस उठले. मंडळीकडे वळले. “पाहा! शोकग्रस्त भगिनीच्या जखमेवर मीठ चोळून वर ही मुजोरी...”

“कोण भगिनी?”

आवाज मागून आला. बसका, न वापरलेला. काकू उभ्या राहिल्या होत्या.

“मी का? माझ्याबद्दल चाललंय? मग मला विचारलंत का हो कुणी? आठवडा झाला, दाराशी चिटपाखरू नाही. मला वाटलं माझंच काही चुकलं. आणि इथे माझ्या नावाने ठराव?”

“वहिनी, तुम्ही बसा. तुम्हाला त्रास...” चिटणीस काकूंना म्हणाले.

“मी हसत होते,” काकू म्हणाल्या.

त्या बाकातून बाहेर येऊन मधल्या वाटेत उभ्या राहिल्या.

“त्या दिवशी. पेटीवर डोकं ठेवून. तुम्ही मला रडते समजून बाहेर नेलंत, तोंडावर पाणी मारलंत. मी हसत होते. तीन दिवस माझ्या घशाखाली घोट उतरत नव्हता. पोरगी म्हणाली काका पडायची वेळ झाली, आणि मला दिसलंच हो ते. पडायच्या आधी हे एक डोळा उघडून बघायचे, खाली चादर आहे की नाही. झोपेचं सोंग, आणि एक डोळा उघडा! मी किती वेळा बोलले, अहो, युतुख असं बघत नव्हता. म्हणायचे, म्हणूनच तो मेला.” त्या थांबल्या. “हसले, आणि मग रडता आलं. घरी गेले आणि झोपेपर्यंत रडले. आत्याने माफी मागायची? तिने तर मला रडवलं हो!”

कुणीतरी नाक ओढलं. चिमणीच्या आईने चिमणीला मांडीवरून सोडलं.

एवढ्यावर माणसाने वही मिटावी. पण चिटणीसांनी ती उघडली. “दुःखाच्या भरात माणसाला आपण काय केलं याचं भान राहत नाही,” ते मायेने म्हणाले, आणि ती माया त्यांच्या रागापेक्षा वाईट होती. “वहिनींचं म्हणणं आपण समजून घेऊ. मूळ मुद्दा आज्ञाभंगाचा आहे. वर्ग बंद.” चार हात वर गेले. पाळकांचा सगळ्यात शेवटी, आणि कोपरापर्यंतच. पण गेला.

बाई हसले म्हणते, तिला सांगायचं तू रडत होतीस. ज्याचं मेलं त्याला सांगायचं, तुझं दुःख आमच्या वहीत कसं लिहिलंय ते बघ आणि तसं कर. सारेशी देव निदान खरं ते बोलला होता.

शनिवारी रात्री चिटणीसांनी स्वतः येऊन लांबट खोली बंद केली. झाडणाऱ्या बाईला सांगून रद्दच्या चादरी कापायला लावल्या आणि त्याच फडक्यांनी फरशी पुसून घेतली. मग कडी घातली आणि कुलूप दाबून बसवलं. ते जुनं कुलूप किल्लीशिवाय लागतं. उघडायला मात्र किल्ली लागते, आणि किल्ली काकांच्या जुडग्यात. जुडगा अजून काकूंकडेच होता. मंडळीने काकांच्या सेवेच्या तारखा मागितल्या होत्या, किल्ल्या मागायचं कुणाला सुचलं नव्हतं. हे चिटणीसांच्या लक्षात आलं ते रविवारी सकाळी, कारण ठरावाची वही त्याच खोलीतल्या कपाटात होती.

काकू आल्या तेव्हा चिटणीस दारासमोर उभे होते, आणि पायऱ्यांवर पोरं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. एकतीस वर्षांची सवय आईबापांना एका आठवड्यात मोडता आली नव्हती. आत्याही होती, पोरांना घरी पाठवायला म्हणून आलेली.

“वहिनी, किल्ली द्या जरा,” चिटणीस म्हणाले. “वही काढायची आहे.”

“उघडते की,” काकू म्हणाल्या. “वर्ग सुरू झाला की घ्या तुमची वही.”

“वर्ग बंद आहे.”

“मग खोलीही बंद आहे.”

त्या पायरीवर बसल्या, जुडगा मांडीवर घेऊन. चिटणीसांनी घड्याळाकडे बघितलं, देवळाकडे बघितलं. दहाला पंचांची बैठक. वहीशिवाय बैठक त्यांनी जन्मात घेतली नव्हती. काकू किल्ल्या एकेक करून पोरांना दाखवत होत्या, ही घंटेच्या खोलीची, ही कोठाराची, ही कशाची ते यांनाही माहीत नव्हतं. पाच मिनिटांनी चिटणीस म्हणाले, “आजच्या दिवस.”

काकूंनी कुलूप उघडलं. चिटणीस वही छातीशी धरून गेले. आभार मानले नाहीत.

आत फरशी अजून ओलसर होती. कोपऱ्यात बादली, तिच्या काठावर वाळत घातलेलं फडकं, आणि फडक्यावर अर्धा शिक्का. ‘रद्द’मधला नुसता ‘र’. भिंतीला टेकून रिकामं टायर. आत्याने ते फडकं उचललं, पिळलं, घडी घातली. सव्वीस वर्षांची सवय.

“कोणती गोष्ट?” एका मुलाने भीत भीत विचारलं.

आत्याला पहिल्यांदाच वाटलं, की या खोलीत आपल्याला हसायला येणार नाही. तेवढ्यात मागे काहीतरी खरडलं. काकू शाल सावरत, भिंतीला धरून, खिडकीखालच्या कट्ट्यावर चढून बसल्या होत्या. त्यांनी मान एका बाजूला टाकली.

“बोल,” त्या डोळे मिटून म्हणाल्या. “पौल हो.”

आत्या बोलायला लागली. राग होता तसाच होता. तो आवाजात उतरला. ती लबाडांवर बोलली, कबरींना बाहेरून चुना फासणाऱ्यांवर बोलली, डास गाळून उंट गिळणाऱ्यांवर बोलली, खुर्ची न देणाऱ्यांवर बोलली, आणि हे काही पौलाने त्या माडीवर सांगितलं होतं असं नाही. एकतीस वर्षांत पौल लांबायचा तो खोटाखोटा. त्या दिवशी तो खरोखर लांबला. पोरं वाट बघत होती. काकूंची मान डुलत होती.

मग चिमणी उठली. तिने अंगातला स्वेटर काढला आणि कट्ट्याखाली ओल्या फरशीवर अंथरला. दुसऱ्याने आपला काढला. मग सगळ्यांनीच काढले. लाल, मळके, बटणं तुटलेले.

“आता...” पोरं म्हणाली आणि अडखळली. काका की काकू, त्यांना ठरवता येईना.

आत्या बोलायची थांबली नाही.

काकूंनी एक डोळा उघडला आणि खाली बघितलं.